ॲबा, आत्या आणि पाडवा

आमच्या घरात एका कॅसेटला 'बाकड्याची कॅसेट' म्हणत. तिच्या कव्हरवर बागेतल्या बाकावर बसलेली चार माणसं होती. एका टोकाला एक जोडपं एकमेकांचं चुंबन घेत होतं. दुसऱ्या टोकाला एक पुरुष पेपर वाचत होता आणि त्याची सोनेरी केसांची बायको कंटाळून कॅमेऱ्याकडे बघत होती. माझी आजी ती कॅसेट हातात आली की कव्हर पालथं घालून ठेवायची. आत्या म्हणायची, "अगं आई, निम्म्या फोटोवरच हात ठेव ना. पेपर वाचणारा तर आपल्या घरातलाच आहे." यावर आजोबा पेपरातून डोकंही वर काढत नसत.

ही गोष्ट १९७६ सालची. आम्ही तेव्हा दांडिया बाजारातल्या वाड्यात राहत होतो. मी सहा वर्षांची, आत्या पंचवीसची. ती सयाजीराव विद्यापीठात शिकत असताना तिची एक गुजराती मैत्रीण होती. मैत्रिणीचा भाऊ लेस्टरला. त्याने पाठवलेल्या दोन कॅसेटांपैकी एक मैत्रिणीने आत्याला दिली. ती म्हणजे ॲबाची 'ग्रेटेस्ट हिट्स'. त्यातलं पहिलं गाणं 'एसओएस'. सुरुवातीला एकटा पियानो वाजतो, उदास आणि जरा घाबरलेला, आणि मग आवाज येतो. मला इंग्रजीतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण तो पियानो सुरू झाला की मी जिथे असेन तिथून माडीवर पळायचे.

पुढच्याच वर्षी 'हम किसी से कम नहीं' आला. आईने त्यातलं किशोर-आशाचं 'मिल गया' ऐकलं आणि म्हणाली, "अगं, हे तर तुझ्या बाकड्यावरच्या बायकांचं गाणं!" आईचा कान पक्का. आर. डी. बर्मन यांनी ती चाल ॲबाच्या 'मम्मा मिया'वरून घेतली होती. तेव्हापासून आईने ॲबाला घरचं मानलं. काका मात्र कधीच मानेनात. आमचे पणजोबा बडोद्याच्या गायनशाळेत शिकलेले, म्हणजे मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये सुरू केलेल्या शाळेत. त्यामुळे काकांच्या लेखी संगीत तिथे सुरू होऊन तिथेच संपतं. आत्या त्यांना चिडवायची, "त्याच मौलाबक्षांचा नातू इनायत खाँ १९१० साली आपलं गाणं घेऊन पश्चिमेकडे गेला. आता तिकडचं इकडे आलं तर तुझं काय बिघडलं?"

ज्यांनी ॲबा ऐकलं नाही त्यांच्यासाठी

आपल्या मासिकाचे निम्मे वाचक माझ्या मुलीच्या वयाचे आहेत. त्यांच्यासाठी थोडं सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जायला हरकत नाही.

ॲबा म्हणजे स्वीडनचे चौघेजण: आग्नेता, ब्यॉर्न, बेनी आणि आनी-फ्रिड, जिला सगळे फ्रिडा म्हणतात. चौघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून गटाचं नाव पडलं. गाणी बेनी आणि ब्यॉर्न रचायचे, गायच्या मुख्यतः दोघी. ६ एप्रिल १९७४ ला इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोव्हिजनच्या स्पर्धेत 'वॉटर्लू' गाऊन ते जिंकले आणि पुढची सात-आठ वर्षं जगभर त्यांचीच गाणी वाजत राहिली.

हे चौघे म्हणजे दोन जोडपी होती. आग्नेता आणि ब्यॉर्न यांचं लग्न १९७१ मध्ये झालं, घटस्फोट १९८० मध्ये. बेनी आणि फ्रिडा यांचं लग्न १९७८ मध्ये झालं आणि १९८१ मध्ये तेही वेगळे झाले. म्हणजे बाकड्यावरची दोन्ही टोकं मोडली. पेपर वाचणारं टोक आधी आणि चुंबन घेणारं नंतर, एवढाच काय तो फरक. विशेष म्हणजे घटस्फोटानंतरही ते एकत्र काम करत होते. 'द विनर टेक्स इट ऑल' हे ताटातुटीचं गाणं ब्यॉर्नने लिहिलं आणि गायलं आग्नेताने. नवऱ्याने लिहिलेले विरहाचे शब्द सोडून गेलेल्या बायकोने स्टुडिओत उभं राहून गायचे, याची कल्पना करून बघा.

१९८१ च्या अखेरीस 'द व्हिजिटर्स' हा अल्बम आला आणि पुढच्या वर्षभरात गट थांबला. भांडण नाही, निरोपाचा कार्यक्रम नाही. १९९२ मध्ये जुन्या गाण्यांचा 'ॲबा गोल्ड' आला, १९९९ मध्ये लंडनला 'मम्मा मिया' हे संगीतनाटक सुरू झालं, २००८ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. दर वेळी नव्या पिढीने त्यांना नव्याने शोधून काढलं. पुन्हा एकत्र येऊन दौरा करावा म्हणून त्यांना एक अब्ज डॉलर देऊ केले गेले होते, तेही त्यांनी नाकारले. २०१८ मध्ये अचानक बातमी आली की दोन नवी गाणी ध्वनिमुद्रित झाली आहेत. दोनाची दहा झाली, मधे करोना आला, आणि शेवटी चाळीस वर्षांनी नवा अल्बम यायचं ठरलं. नाव 'व्हॉयेज', तारीख ५ नोव्हेंबर २०२१.

त्या तारखेला पाडवा होता.

पाडवा आणि साल मुबारक

बडोद्यात पाडवा दोनदा साजरा होतो. आपल्याकडे बायकोने नवऱ्याला ओवाळायचं आणि शेजाऱ्यांकडे 'बेसतुं वरस', म्हणून सकाळपासून दारात 'साल मुबारक' करणाऱ्यांची रांग. आमच्या टेबलावर चकली-करंजीच्या शेजारी मठिया आणि चोळाफळी असतातच. करोनामुळे आदल्या वर्षीची दिवाळी फोनवरच झाली होती. २०२१ मध्ये सगळ्यांचे डोस झालेले, त्यामुळे काका-काकू, आई, आम्ही तिघं आणि आत्या असे सगळे आमच्या घरी जमलो. पुण्याहून आतेभाऊ आदल्या रात्री गाडी चालवत आला. दोन वर्षांनी तो आईला भेटत होता.

आत्याबद्दल सांगायला हवं. तिचं लग्न १९७७ मध्ये अहमदाबादला झालं. १९८० मध्ये मुलगा झाला. १९८४ मध्ये एका हातात मुलगा आणि दुसऱ्या हातात बॅग घेऊन ती माहेरी आली ती परत गेली नाही. कारणं तिची आहेत, इथे लिहीत नाही. रीतसर घटस्फोट झाला. दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या घरांत तो पहिला. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. पाडव्याला घरात ओवाळणं सुरू झालं की आत्याला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. भाऊबीजेला मात्र ती सगळ्यांच्या आधी तबक घेऊन तयार. मी लहानपणापासून हे बघत आले आणि खरं सांगायचं तर मोठी होईपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवशीही तसंच झालं. ओवाळणं सुरू झालं आणि आत्या पुऱ्या तळायला गेली. जेवणं झाली, श्रीखंडाने सगळे सुस्तावले, आणि माझी मुलगी स्पीकर घेऊन आली. "आजी, तुझ्या बाकड्यावरच्यांची नवी गाणी आली आहेत. आज सकाळीच." आत्याला ती आजीच म्हणते. मग तिने फोनवर हिशोब करून सांगितलं, "आग्नेता ७१, बेनी ७४, फ्रिडा ७५, ब्यॉर्न ७६. चौघांचे मिळून २९६." काका म्हणाले, "आमच्या भजनी मंडळाची बेरीज याहून जास्त आहे. लाव."

घरची परीक्षकमंडळी

दहा गाणी, सुमारे ३७ मिनिटं. आम्ही ती अडीच तासांत ऐकली, कारण प्रत्येक गाण्यानंतर चर्चा.

पहिलं 'आय स्टिल हॅव फेथ इन यू'. फ्रिडाचा आवाज आला आणि मी दचकले. तो खाली आला होता, जाड झाला होता. माझ्या मनातला आवाज १९७६ चा. व्हिडिओ कॉलवर न्यू जर्सीहून माझा भाऊ होता, तो लगेच म्हणाला, "गेला गं आवाज." आणि इथे आमच्या काकांनी, ज्यांनी आयुष्यात ॲबाबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता, त्याला झापलं. "गेला म्हणजे काय? बाई तरुणपणी काळी पाचात गाते, वय झालं की काळी तीनात येते. शहाणा गवई पट्टी उतरवतो. जो उतरवत नाही त्याचं हसं होतं. हिने उतरवली आहे आणि सूर बघ कसा जागेवर आहे." मग जरा थांबून, "गाण्यात काही दम नाही, पण बाई शहाणी आहे." पंचेचाळीस वर्षांत काकांनी केलेली ही ॲबाची पहिली स्तुती.

ते गाणं त्या चौघांबद्दलच आहे: एवढ्या वर्षांनी आपल्यात अजून काही उरलं आहे का, हा प्रश्न आणि आहे, हे उत्तर. पुढे या गाण्याला ग्रॅमीच्या 'रेकॉर्ड ऑफ द इयर'साठी नामांकन मिळालं. आश्चर्य म्हणजे ते ॲबाचं पहिलंवहिलं ग्रॅमी नामांकन. ज्या काळात जग त्यांच्या गाण्यांवर नाचत होतं तेव्हा एकही नाही.

दुसरं 'व्हेन यू डान्स्ड विथ मी' आयर्लंडच्या लोकसंगीताच्या ठेक्यावर आहे. काकू म्हणाली, "यावर दोन ताळी घेता येतील," आणि बसल्या जागी हात करून दाखवले. बडोद्याची माणसं कुठल्याही गाण्याची गरब्याच्या वाटेने परीक्षा घेतात, त्याला इलाज नाही.

तिसरं 'लिटल थिंग्ज', नाताळच्या सकाळचं, लहान मुलांच्या कोरससह. यावर घराचे दोन तट पडले. आईला फार आवडलं. "घरात मुलं आहेत, सण आहे, आणखी काय पाहिजे?" माझ्या मुलीने तोंड वाकडं केलं. "आजी, यात साखर जास्त झाली आहे." जगभरच्या चाहत्यांचंही या गाण्यावर असंच दुमत झालेलं पुढे वाचलं. काहींना ते गोड वाटलं, काहींनी दुसऱ्यांदा ऐकलंच नाही.

'डोन्ट शट मी डाउन' हे सगळ्यांना आवडलेलं एकमेव गाणं. एक बाई सोडून आलेल्या माणसाच्या दारात परत उभी आहे आणि सांगते आहे की मी पूर्वीची राहिलेली नाही. सुरुवात संथ, मग एकदम जुना ॲबा उसळून वर येतो. माझ्या भावाने न्यू जर्सीत खुर्चीतच नाच केला.

'जस्ट अ नोशन' माझ्या नवऱ्याला सर्वांत आवडलं. "हे बघा, हा खरा आवाज!" मुलीने फोनवर शोधून सांगितलं की तो आवाज खरोखरच १९७८ चा आहे. तेव्हा गाऊन बाजूला ठेवलेलं गाणं, आता बेनीने त्याला नवं वाद्यसंगीत दिलं. नवरा जरा ओशाळला, पण मागे हटला नाही. "मग काय, मुरलेलं लोणचं चांगलंच लागणार." आत्या एवढा वेळ गप्प होती. ती पहिल्यांदाच बोलली. "लोणचं मुरायला बरणीत आंबा तर पाहिजे. माझ्या बरणीत त्या वर्षीचं काही मी ठेवलंच नाही." सगळे हसले. आतेभाऊ हसला नाही.

'आय कॅन बी दॅट वुमन'वर मुलगी खवळली. दारू, भांडण, नवरा-बायकोतला ताण, आणि शेवटी बाई म्हणते की तुला हवी तशी मी होऊ शकते. "तिनेच का व्हायचं? आणि लिहिलं आहे कोणी? पुरुषाने!" मुद्दा बरोबर होता. आई म्हणाली, "अगं, आमच्या वेळी असंच होतं." मुलगी म्हणाली, "म्हणून तर म्हणते." आई गप्प बसली. मला वाटतं, त्या दुपारची सगळ्यात चांगली समीक्षा हीच होती. चाळीस वर्षांनी परतलेल्या गटाचं संगीत त्याच ठिकाणाहून पुढे सुरू झालं हे चाहत्यांना सुखावणारं होतं, पण काही शब्दही त्याच ठिकाणी उभे होते.

डॅन

सातवं गाणं 'कीप ॲन आय ऑन डॅन'. यातला डॅन हा लहान मुलगा आहे. आई-बाप वेगळे झालेले. आई मुलाला सुट्टीसाठी बापाकडे सोडायला आली आहे. त्याच्याकडे लक्ष ठेव, असं सांगते आहे. मग गाडीत येऊन बसते आणि तिला रडू कोसळतं. गाणं आग्नेता गाते. ठेका नाचाचा आहे, म्हणून पहिल्यांदा शब्दांकडे लक्षही जात नाही.

आमचं गेलं, कारण आतेभाऊ एकदम म्हणाला, "ही बाई गाडीत बसून रडते तरी. आमची आई लूना वळवून सरळ निघून जायची. एकदाही मागे बघायची नाही."

थट्टेच्या सुरात म्हणाला. तो एक्केचाळीस वर्षांचा आहे, त्याला स्वतःला दोन मुलं आहेत. पण असं वाक्य कुणी सहज बोलत नाही. आम्हाला सगळ्यांना कळलं की हे त्याच्या मनात सहा वर्षांचा असल्यापासून आहे.

तेव्हाची व्यवस्था अशी होती: मुलगा आईकडे राहायचा आणि महिन्यातून दोन रविवारी वडील अहमदाबादहून येऊन त्याला भेटायचे. आमच्या घरी येणं त्यांना नको होतं आणि आजीलाही. म्हणून भेट कमाटीबागेच्या फाटकापाशी, काळ्या घोड्याजवळ व्हायची. सकाळी दहाला आत्या लूनावरून मुलाला घेऊन जायची, संध्याकाळी पाचला परत आणायची. दिवसभर वडील त्याला बागेतल्या छोट्या आगगाडीत बसवायचे, वाघ दाखवायचे, बाहेर सेव-उसळ खाऊ घालायचे. घरी आत्या सांगायची की ती मधल्या वेळात विद्यापीठाच्या लायब्ररीत जाते.

मला खरं माहीत होतं. मी पंधरा वर्षांची होते, रविवारी सायकलवरून शिकवणीला त्या रस्त्याने जायचे. एकदा साडेदहाला आत्याची लूना फाटकाजवळच्या लिंबाखाली दिसली. दुपारी एकला परतताना तिथेच. मी सायकल लावून आत गेले. बागेत शोधलं आणि शेवटी म्युझियममध्ये सापडली. मोठ्या देवमाशाच्या सांगाड्यासमोर बसली होती, मांडीवर न उघडलेला डबा. मला बघून एवढंच म्हणाली, "घरी सांगू नकोस. आई म्हणेल, एवढं होतं तर सोडून कशाला आलीस." मी छत्तीस वर्षं सांगितलं नव्हतं.

गाणं संपत आलं होतं. शेवटच्या काही क्षणांत बाकी सगळी वाद्यं थांबतात आणि पियानोचे मोजके सूर येतात. आत्याने हात वर केला. "थांबा. हे 'एसओएस' आहे." कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मुलीने मागे नेऊन पुन्हा लावलं. खरंच, त्यांनी १९७५ मधल्या त्यांच्याच गाण्याचे सूर शेवटी ठेवले होते. तेच, जे ऐकून मी माडीवर पळायचे. काकांनी मान डोलावली. आत्या म्हणाली, "अजून एकदा लाव."

तिसऱ्यांदा ते सूर वाजून संपले आणि मी बोलले. विचार करून नाही, आपोआप. "दादा, लूना कुठे जात नव्हती. फाटकाजवळ लिंबाखाली उभी असायची, दहापासून पाचपर्यंत. आत्या म्युझियममध्ये असायची. मी बघितलं आहे."

कुणी काही बोललं नाही. न्यू जर्सीचा भाऊसुद्धा. आतेभाऊ आईकडे बघत होता. आत्या पदराचं टोक सारखं करत होती. मग म्हणाली, "म्युझियममध्ये पंखा होता. आणि मागे बघितलं असतं तर तू आगगाडीत बसला नसतास."

आतेभाऊ उठला आणि म्हणाला, "चहा कुणाकुणाला?" आमच्या घरात पुरुषांनी चहाचं विचारणं हे तसं विरळाच. तो बराच वेळ स्वयंपाकघरात होता. आत्या त्याच्यामागे गेली नाही. मुलीला म्हणाली, "पुढचं लाव, किती राहिली?"

राहिलेली तीन

'बम्बलबी' या गाण्यात बागेतला भुंगा आहे आणि बदलत्या हवामानात तो उरेल का, ही काळजी आहे. आईला ते वाड्याच्या परसातलं वाटलं. 'नो डाउट अबाउट इट'मध्ये भांडण झाल्यावर चूक माझीच, हे फ्रिडा खणखणीत आवाजात कबूल करते. 'ओड टू फ्रीडम' संथ, समूहाने गायल्यासारखं. नवऱ्याचा त्यावर डोळा लागला. शेवटचं गाणं असं हवं होतं का, यावर मतं पडली. भावाचं म्हणणं, "'डान्सिंग क्वीन'सारखं एक तरी हवं होतं." काकांचं म्हणणं, "भैरवीला नाचतात का कुठे?"

बेनी आणि ब्यॉर्न यांनी हा शेवटचाच अल्बम असल्याचं सांगितलं आहे. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला, नंतर ग्रॅमीच्या 'अल्बम ऑफ द इयर'साठीही नामांकन मिळालं. काही समीक्षकांनी तो जुनाट म्हटला. चाहत्यांमध्येही आमच्या घरासारखेच गट आहेत: आवाज गेला म्हणणारे, आवाज मुरला म्हणणारे, जुन्याची सर नाही म्हणणारे आणि नवं ऐकायला मिळालं यातच समाधान मानणारे. मला विचाराल तर दहापैकी चार गाणी मी पुन्हापुन्हा ऐकते, तीन कधीतरी ऐकते, तीन ऐकत नाही. पण १९७६ च्या कॅसेटचंही प्रमाण जवळपास तेच होतं. आठवणीत मात्र सगळी चौदाच्या चौदा गाणी उत्तम असतात.

१९७९

पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये लंडनला खास बांधलेल्या ३,००० प्रेक्षकांच्या नाट्यगृहात 'ॲबा व्हॉयेज' हा कार्यक्रम सुरू झाला. मंचावर चौघं प्रत्यक्ष नसतात. त्यांच्या हालचाली पाच आठवडे १६० कॅमेऱ्यांनी टिपून संगणकाने त्यांची तरुण रूपं तयार केली आहेत, १९७९ मध्ये दिसायचे तशी. समोर वादक मात्र जिवंत. आत्याची ती लेस्टरची मैत्रीण (ती लग्न करून तिकडेच गेली) जाऊन आली. फोनवर सांगत होती, "अगं, काठी घेतलेल्या बायका नाचत होत्या! मी पण नाचले. तू ये, मी तिकीट काढते." आतेभाऊही म्हणाला, मी घेऊन जातो.

आत्याने दोघांना नाही सांगितलं. मला म्हणाली, "एकोणऐंशी सालातली मी कुणी परत उभी केली तर मी बघायला जाईन का? मला आत्ताच्या आवाजाची गाणी बरी वाटतात."

पण त्या दिवाळीनंतर एक गोष्ट बदलली आहे आणि ती लिहायला आत्याची परवानगी घेतली आहे. पुढच्या पाडव्याला आतेभाऊ पुन्हा आला. ओवाळणं सुरू झालं तशी आत्या सवयीने उठली. माझ्या मुलीने तिचा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "पुऱ्या बाबा तळतील." माझ्या नवऱ्याने खरंच तळल्या. त्यातल्या निम्म्या फुगल्या नाहीत. आत्या पाटाशेजारी बसून सगळं बघत होती आणि मधूनच आत ओरडत होती, "आच मोठी कर, आच!"

त्याच दिवशी संध्याकाळी आतेभाऊ तिला आणि आपल्या मुलांना गाडीत घालून काळ्या घोड्यापर्यंत चक्कर मारून आला. लिंब अजून आहे का, मी विचारलं. तो म्हणाला, "बहुतेक आहे. आई म्हणते तो, मुलं म्हणतात दुसरा." गाडीत काय वाजत होतं ते मी विचारलं नाही. त्याची धाकटी मुलगी मात्र रात्री झोपेपर्यंत 'एसओएस'चा पियानो तोंडाने वाजवत होती.

तुमच्याही घरात एखादी बाकड्याची कॅसेट असेल. ती ज्याची आहे त्या माणसाला एकदा शेजारी बसवून ऐका. गाणं आवडलं नाही तरी चालेल.